उरलेसुरले कसे जमले

सोमवार, २

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली आहे. म्हणजे आधी त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुस्स फुस्स हवा भरली, आकडा बघितला आणि मग हळूच विचारलं, "राग येतो का फार?" मी म्हटलं, "अजिबात नाही. का? कोणी काही म्हणालं का?" तर म्हणे रोज रक्तदाब मोजा, वरचा आकडा लिहा आणि शेजारी मनात येईल ते लिहा.

आजचा आकडा १५८. मनात काही नाही.

मंगळवार, ३

आकडा १६२, पण त्याला कारण आहे.

संपादकबाईंनी सकाळीच आत बोलावलं. त्या माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहेत आणि खुर्चीत मांडी घालून बसतात. म्हणाल्या, "मेघनायक या महिन्यापासून बंद." अकरा वर्षं मी ती चित्रकथा लिहिली. आमच्या पाक्षिकाची मधली आठ पानं तिचीच. आणि ह्या असं सांगतात, जणू जाताना तेवढी खिडकी लावून घ्या! का, तर मुलांना चाळिशीतला, एकटाच उडणारा माणूस आता नको झालाय. "त्यांना त्यांच्या वयाची टोळी हवी, ताई. तेरा-चौदा वर्षांचे, अचाट शक्ती असलेले महावीर, मिळून काम करणारे. कोणाला काय येतं, पुढारी कोण, सगळं तुम्ही ठरवा. सोळा तारखेच्या अंकात त्यांची ओळख. आणि एक तारखेच्या अंकात, ते मुळात जमले कसे, ती गोष्ट."

बाहेर येऊन अक्षरमामांना म्हटलं, "टोळी म्हणे! मी जन्मात कधी टोळीत नव्हते." अक्षरमामा म्हणजे आमच्या चित्रकथेतलं सगळं बोलणं शाईने हाताने लिहिणारे. तीस वर्षं लिहितायत, एक काना चुकला नाही. ते मान वर न करता म्हणाले, "हं."

आणि चित्रं काढणार बोक्या. बोक्या म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. दीड वर्ष झालं, आम्ही बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, बोलत नाही इतकंच. पूर्वी तो माझ्यासमोरच्या टेबलावर बसायचा. मग एक दिवस टेबल उचलून घरी घेऊन गेला. मी लिहिलेला मजकूर मामा त्याच्याकडे पोचवतात, ते त्याच्याच गल्लीत राहतात. तो पानं काढून मामांबरोबर परत पाठवतो. काही सांगायचं असेल तर मी पानाच्या समासात फिकट निळ्या पेन्सिलीने लिहिते. तोही निळ्यानेच उत्तर देतो. ती निळी छपाईत उमटत नाही, त्यामुळे पुसायचीही कटकट नाही. माझ्या मते ही पद्धत अतिशय उत्तम आहे.

गुरुवार, ५

टोळी तयार! दोन दिवसांत. कोण म्हणतं मी म्हातारी झाले?

चौघं आहेत. कानोसा: मुलगी, तिला मैलभर लांबचं कुजबुजणंही ऐकू येतं. ठाम: मुलगा, एकदा पाय रोवले की रणगाडाही हलवू शकत नाही. लख्ख: मुलगी, तळहातातून उजेड पाडते. झटका: मुलगा, डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडून तिकडे. संघाचं नाव 'महातेज दल'. पुढारी अर्थात कानोसा, ती सगळ्यांत मोठी आहे आणि तिला सगळं कळतं. चौघं टेकडीवर उभी राहून एकमेकांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतात. शपथ मी बारा ओळींची लिहिली आहे. स्वतःच दोनदा वाचली आणि अंगावर काटा आला.

मजकूर नेताना मामा दारात घुटमळले. "तुम्हाला कळलं असेलच," म्हणाले. काय कळलं असेल? तर बोक्याला दुसऱ्या शहरातल्या खेळण्यांच्या कारखान्याने बोलावलंय, खोक्यांवरची चित्रं काढायला. राहायला घर देतायत. भावजय परिचारिका, तिला कुठेही काम मिळेल. हो की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचंय.

चांगलं आहे. जाऊ दे. चित्रकार काय, दहा मिळतील. मला त्याचं सोयरसुतक नाही.

संध्याकाळचा आकडा १७९. यंत्र बिघडलंय बहुतेक.

शुक्रवार, ६

भिंगरी आली होती. बोक्याची मुलगी, वय चौदा. तिचे वडील माझ्याशी बोलत नसले तरी ती दर शुक्रवारी शाळेतून थेट माझ्याकडे येते, बिस्किटांचा डबा रिकामा करते आणि जाते. दोन मिनिटं एका जागी बसत नाही म्हणून मीच तिचं नाव भिंगरी ठेवलं.

मी तिला शपथ वाचून दाखवली. ती बिस्कीट तोंडात धरून बघतच राहिली.

"आत्या, शपथ कोण घेतं?"

"महावीर घेतात."

"चौदा वर्षांचे? टेकडीवर? आणि हातावर हात? शी!"

"मग तुमच्यात ग्रुप कसा होतो, सांग की शहाणे."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "व्हॉलीबॉलला बाई दोन कॅप्टन ठरवतात ना, मग ते एकेकाला निवडतात. शेवटी जे उरतात त्यांना कोणीच मागत नाही. आम्ही चार जणी दर वेळी उरायचो. बाकावर बसून बसून झाला ग्रुप."

"म्हणजे तुम्ही एकमेकींना निवडलंच नाहीत?"

"छे! मला त्यातल्या दोघी आवडायच्यासुद्धा नाहीत. म्हणजे तेव्हा."

"आणि पुढारी कोण?"

"कोणी नाही. जिला जे येतं ती पुढे जाते. बाकीच्या तिची बॅग धरतात."

बॅग धरतात! महावीरांनी काय एकमेकांच्या बॅगा धरायच्या? मी हसून सोडून दिलं. निघताना तिला सहज विचारलं, नवीन शहरात जायची गंमत वाटत असेल ना. ती बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती. मग "बाय" म्हणून गेली. या वयात मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं.

सोमवार, ९

पानं आली. चित्रं सुरेख आहेत, ते मान्य करते. पण सातव्या पानावर, शपथेच्या ठिकाणी, समासात निळ्याने लिहिलंय, "चौदा वर्षांची पोरं असं बोलत नाहीत." आणि कानोसाला मधे उभी करायला सांगितलं होतं, तर तिला कडेला ढकललंय.

मी लिहिलं, "तू फक्त काढ. बोलतात कसं ते मी बघते. कानोसा मधे."

मामा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "ताई, तीन गल्ल्या तर आहेत. चालत गेलात तर सात मिनिटं." मी म्हटलं, "मला कामं आहेत, मामा."

बुधवार, ११

सातवं पान दोन दिवसांत पाच वेळा गेलं आणि पाच वेळा आलं.

त्याने लिहिलं, "नेहमी तूच बघतेस." मी लिहिलं, "कोणीतरी बघायला हवं ना!" त्याने लिहिलं, "मधे जागा नाही." मी लिहिलं, "कर जागा." मग समास संपला. वरचाही, खालचाही. पण मी काय गप्प बसणार? पानावर रिकामे फुगे होतेच. पात्रांच्या तोंडाजवळ बोलणं लिहायला जी गोल जागा सोडतात तिला आम्ही फुगा म्हणतो. कानोसाच्या फुग्यात मी लिहिलं, "तुला काय म्हणायचंय ते एकदा सरळ म्हण ना!" तर पठ्ठ्याने ठामच्या फुग्यात उत्तर दिलं. मी परत कानोसाच्या फुग्यात. असं पान भरेपर्यंत. शेवटी त्याने जे लिहिलं ते वाचून मी पान उलटं ठेवलं आणि दोन पेले पाणी प्यायले.

काय लिहिलं ते इथे लिहीत नाही. मेघनायकच्या कुत्र्याबद्दल होतं. कागदावरचा कुत्रा! माणसाने किती मनाला लावून घ्यावं?

पान मामांना दिलं आणि सांगितलं, माझ्या मूळ मजकुरातली शपथ शाईने लिहून टाका, विषय संपवा. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "उद्या तुमची दवाखान्याची वेळ आहे ना? तुम्ही जा बिनधास्त. छपाईआधीची पानं मी तपासतो."

किती जिवाला जीव देणारा माणूस!

सोमवार, १६

आकडा मोजला नाही. मोजायची हिंमत नाही.

अंक आला. सातवं पान उघडलं आणि खुर्ची धरून उभी राहिले. टेकडी आहे. चौघं आहेत. शपथ नाही. फुग्यांत मामांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, काळ्याभोर शाईने, हे आहे:

कानोसा: तुला काय म्हणायचंय ते एकदा सरळ म्हण ना!

ठाम: म्हटलं तर तू ऐकतेस कुठे?

कानोसा: मी ऐकत नाही? लहानपणापासून तुझं मीच ऐकत आलेय!

ठाम: मग ढब्बूला मारून टाकताना मला एकदा तरी विचारायचंस.

कानोसा: तो म्हातारा झाला होता. कधीतरी मरणारच होता.

ठाम: तो माझा पण होता, ताई.

आणि लख्ख आणि झटका यांचे फुगे कोरे. दोघं तोंड उघडून उभी, फुग्यांत काही नाही!

मी मामांकडे धावले. ते शांतपणे टाक पुसत होते. "फुग्यात जे लिहिलेलं असेल ते शाईने गिरवायचं, तीस वर्षं हेच करतोय," म्हणाले. "अहो, पण शपथ!" "शपथेचा कागद दिसला नाही हो. डोळे थकले आता माझे." बिचारे. त्यांना काय बोलणार? त्यांच्या टेबलावर शपथेचा कागद चांगला पसरलेला होता, त्यावर चहाचा कप ठेवला होता. इतक्या जवळचंही दिसत नाही म्हणजे नंबर फारच वाढला असणार.

संपादकबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "ढब्बू कोण?" मी सांगितलं, मेघनायकचा कुत्रा, दीड वर्षापूर्वी एका अंकात मेला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या नव्या नायिकेने पहिल्याच भागात कुत्रा मारलाय." आणि दार लावून घेतलं.

मेले. आता माझी आठ पानं गेली. बोक्याला तर कारखान्याला नाही म्हणायचं कारणच उरलं नाही.

गुरुवार, १९

आज सदुसष्ट पत्रं आली. मेघनायकला महिन्यातून चार येत, त्यातलं एक नेहमी एका निवृत्त पोस्टमास्तरांचं असे.

मामांनी आणि मी बसून सगळी फोडली. एकीने लिहिलंय, "मी आणि माझा भाऊ अगदी असंच भांडतो, तुम्हाला कसं कळलं?" एकाने लिहिलंय, "ठामचं बरोबर आहे." त्याच पाकिटात त्याच्या बहिणीची चिठ्ठी, "कानोसाचं बरोबर आहे, हा माझा भाऊ मूर्ख आहे." नऊ मुलांनी कोऱ्या फुग्यांबद्दल लिहिलंय. एकीचं वाक्य मी उतरवून ठेवते: "घरात भांडण चालू असलं की मी पण लख्खसारखीच उभी असते." आणि बाकी सगळ्यांचा एकच धोशा: ढब्बूचं काय झालं? कानोसाने खरंच मारलं का? का मारलं? ढब्बू मेला असेल तर मी अंक वाचणार नाही, एकाने ठणकावून लिहिलंय.

संपादकबाई मांडी मोडून उभ्या राहिल्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "ताई, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना? काय डोकं आहे हो तुमचं!" मी पत्रांचा गठ्ठा सारखा केला. मामा खोकले. "आता पुढच्या भागात ते कसे जमले ते दाखवा आणि कुत्र्याचा निकाल लावा. शनिवारी, अठ्ठावीसला, पानं हवीत."

आकडा १४४! यंत्र खरंच बिघडलंय.

शुक्रवार, २०

भिंगरीने अंक शाळेत सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. "आत्या, पहिल्यांदाच ती खरी मुलं वाटली. पण एक सांगू? कानोसा म्हणजे तूच आहेस."

"काहीतरीच! मला चार हातांवर बसची पाटी वाचता येत नाही, मैलभर लांबचं काय ऐकू येणार?"

ती खदाखदा हसत सुटली. मला विनोद कळला नाही. मग म्हणाली, "बाबांनी ते पान कापून घडी करून पाकिटात ठेवलंय." रागाने ठेवलं असणार. बोक्या लहानपणापासून तसाच, सगळं मनात साठवून ठेवतो.

गोष्ट सुचत नाहीये. उल्का पाडून पाहिली. गुप्त प्रयोगशाळा पाहिली. एक दाढीवाले वृद्ध गुरूही आणून पाहिले. सगळ्यांत चौघं जमतात, पण ढब्बूचा पत्ता लागत नाही.

सोमवार, २३

आज जे झालं ते लिहायला बसलेय.

दुपारी मामांना विचारलं, तुम्हीच सांगा, मेघनायकचा कुत्रा म्हातारा झाला होता, मी त्याला चांगलं वीरमरण दिलं, आग लागलेल्या घरातून मुलाला बाहेर काढून तो मेला. लोक रडले. यात माझं चुकलं काय?

मामा उठले, कपाटातून जुने अंक काढले आणि माझ्यापुढे एकेक उघडत गेले. जिथे ढब्बू दाराशी बसलाय तिथे बोट ठेवत गेले. उजवा खांदा जरा उतरलेला, मान दाराकडे कललेली, एक भुवई वर. एका चित्रात. दुसऱ्या. दहाव्या.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तसेच बसायचे. आम्हाला शाळेतून यायला उशीर झाला की दाराशी खुर्ची टाकून, उजवा खांदा उतरवून, एक भुवई वर करून. शेवटच्या आजारपणातसुद्धा खाटेवर उठून तसेच बसायचे. बोक्या नऊ वर्षं त्यांना काढत होता. नऊ वर्षं त्या चित्रांत भरायचे शब्द मी लिहिले आणि चित्राकडे एकदाही नीट पाहिलं नाही. आणि अण्णा गेले त्यानंतर दोनच महिन्यांनी मी ढब्बूला आगीत घातलं. गोष्टीला जरा वजन येईल म्हणून. त्याने एक शब्द न बोलता ते पानही काढून दिलं. मग टेबल उचलून घेऊन गेला.

मी ढसाढसा रडले. मामांनी रुमाल दिला, शाईचे डाग असलेला, त्यामुळे नाक काळं झालं. तसंच बसमधून घरी आले.

मंगळवार, २४

मामांना बळेच चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांचं पुष्कळ देणं लागते मी, निदान डोळे तरी. डॉक्टरने तासभर तपासून सांगितलं, नंबर पाच वर्षांत जराही बदललेला नाही, नजर गरुडाची आहे. काय एकेक डॉक्टर असतात! मामा म्हणाले, "जाऊ द्या ताई, आता मलाही बरंच स्पष्ट दिसायला लागलंय." असे समजूतदार.

बसमध्येच गोष्ट सुचली. तिकिटाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली, तिकीट संपलं, मामांनी त्यांचंही दिलं.

बुधवार, २५

गोष्ट अशी.

एक कुत्रा. शहरभर हिंडणारा. चार गल्ल्यांत चार मुलं त्याला खायला घालतात आणि प्रत्येकाला वाटतं, हा फक्त माझा. कानोसाकडे त्याचं नाव ढब्बू, ठामकडेही ढब्बू, लख्खकडे काहीतरी वेगळं, झटका त्याला नुसतं "ए" म्हणतो. एक दिवस कुत्रा येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौघं शोधत शोधत एकाच चौकात येतात आणि माझा कुत्रा, माझा कुत्रा म्हणून भांडायला लागतात. कानोसा कान देऊन ऐकते. शहरात कुठेच त्याचा आवाज नाही. ती जाहीर करून टाकते: तो मेला. म्हातारा होता, मरणारच होता. शोधणं बंद करा.

मला ऐकू आलं नाही म्हणजे तो नाही. इतकी खात्री असते तिला स्वतःची.

ठाम हलत नाही. तो रस्त्यात पाय रोवून बसतो. म्हणतो, मला विचारल्याशिवाय तू त्याला मारून टाकू शकत नाहीस. मग कानोसा, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प बसते. आणि ती गप्प बसते तेव्हाच तिला रस्त्याखालून श्वास ऐकू येतो. जुन्या बंद गटारात अडकलाय, पाणी चढतंय. ठाम पाय रोवून लादी उचलून धरतो, लख्ख आत उजेड पाडते, झटका जाऊन त्याला घेऊन येतो. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे त्याची बॅग धरतात. हे भिंगरीचं. टोळीचं नावही आता महातेज दल नाही, तिच्यावरूनच: उरलेसुरले.

शपथ नाही.

मामांबरोबर मजकूर पाठवला. समासात निळ्याने काय लिहावं ते सुचेना. चार वेळा पेन्सिल टोकदार केली. शेवटी लिहिलं, "ढब्बू जिवंत आहे. तू काढशील तसा."

शुक्रवार, २७

पानं आली. ढब्बू गटारातून बाहेर येतो ते चित्र मी किती वेळ पाहत बसले कोण जाणे. भिजलेला, चिखलाने माखलेला, उजवा खांदा उतरलेला. आणि एक भुवई वर, जणू विचारतोय, इतका उशीर?

पण आठव्या पानाची शेवटची चौकट कोरी आहे. समासात लिहिलंय, "चौघं शेवटी कशी बसतात ते कळत नाही. हे समोरासमोर ठरवावं लागेल."

समोरासमोर. मी ते पाच वेळा वाचलं.

मामा म्हणाले, "सात मिनिटं, ताई."

आकडा १६६. पण आजचा वेगळा आहे, रागाचा नाही.

शनिवार, २८

सात नाही, अकरा मिनिटं लागली, कारण दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मी मागे फिरले होते. मामांनी कोपर धरून परत वळवलं.

दार भिंगरीने उघडलं आणि आत तोंड करून ओरडली, "बाबा, आली!" बोक्या जेवणाच्या टेबलावर पानं पसरून बसला होता. दीड वर्षात केस पांढरे झालेत त्याचे. मला बघून उठला, बसला, परत उठला आणि म्हणाला, "पंख्याचा वारा येतो का तिथे?" मी म्हटलं, "येतो." झालं. दीड वर्षानंतरचं आमचं पहिलं बोलणं पंख्यावर.

मग कामाला लागलो. पाचच मिनिटांत मी त्याची पट्टी ओढून घेतली आणि त्याने माझा कागद. शेवटच्या चौकटीत कानोसा मधे हवी, मी म्हटलं. तो म्हणाला, "मधे कुत्रा." मी म्हटलं, "मग ती कुठे?" "ठामच्या शेजारी." "पण पुढारी कोण ते कसं कळणार?" बोक्या, भिंगरी आणि मामा तिघं एकदम म्हणाले, "कोणी नाही!" आणि हसत सुटले. मलाही हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसलो, भावजय रात्रपाळी करून झोपली होती ती उठून आली आणि चहा टाकला.

चौकटीखालची ओळ आम्ही चौघांनी मिळून ठरवली: 'त्यांनी एकमेकांना निवडलं नव्हतं. पण कुत्रा चौघांचा होता, आणि त्याला अंघोळ घालायची होती.' अंघोळ बोक्याची. मी तिथे 'कर्तव्य' लिहिलं होतं.

मामा शाईने लिहायला बसले. बोक्या चौकट रंगवत होता. भिंगरी पहिल्यांदाच, खरंच पहिल्यांदाच, एका जागी बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. कपाटावर कारखान्याचं पत्र होतं, मला दिसत होतं. मी पेन्सिल उचलली. समासात लिहावं म्हणून. मग ठेवून दिली.

"बोक्या," मी म्हटलं, "मी ढब्बूला बघितलं. म्हणजे सोमवारी. आधी बघितलं नव्हतं."

त्याचा कुंचला थांबला.

"चुकलं माझं. अण्णा तुझेही होते. मी विचारायला हवं होतं." आता थांबले तर पुन्हा दीड वर्ष जाईल असं वाटलं. "आणि जाऊ नकोस. चित्रकार दहा मिळतील. मला ते नकोत. तू नसलास की मला करमत नाही. जाऊ नकोस."

मामांचा टाकही थांबला. भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

बोक्याने कुंचला धुतला. फडक्याला पुसला. नाक ओढलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं? एवढंच?"

"अजून काय हवं, ताई? तू म्हणालीस, मी ऐकलं." डोळे पुसून त्याने पान माझ्याकडे सरकवलं. "आता ती शाई दे इकडे. आणि जरा सरकून बस, उजेड अडवतेयस."